पहिला मेकॅनिकल कीबोर्ड: हात कसा बसवायचा आणि स्विच कसा निवडायचा

वर्षानुवर्षं लॅपटॉपवर टाईप करणारा माणूस पहिल्यांदा मेकॅनिकल कीबोर्डवर बसला की वेग कमी होतो, अक्षरं दुबार उमटतात आणि संध्याकाळी बोटं दुखतात. मग सगळा दोष स्विचच्या, म्हणजे प्रत्येक बटणाखाली बसवलेल्या छोट्या यंत्रणेच्या, माथी मारला जातो. लाल काढून तपकिरी, तपकिरी काढून निळा, असा खर्च सुरू होतो. पण पहिल्या पंधरा दिवसांतल्या बहुतेक तक्रारी स्विचच्या नसतातच. टेबलाची उंची, मनगटाचा कोन आणि बटण तळापर्यंत ठोकायची सवय, या तिघांच्या त्या असतात. म्हणून क्रम असा ठेवा: स्विच बदलता येईल असा कीबोर्ड घ्या, पंधरा दिवस हात बसू द्या, आणि मग कुठल्या बोटाला काय जड जातंय ते बघून स्विच ठरवा.

बटणाखाली काय असतं

कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, उपटली की खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसतो. त्याच्याखाली स्प्रिंग असते आणि बाजूला धातूच्या दोन पातळ पात्या. दांडा खाली गेला की पात्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. लॅपटॉपचं बटण साधारण एक ते दीड मिलिमीटर खाली जातं. मेकॅनिकल स्विच चार मिलिमीटर जातो, आणि अक्षर मात्र निम्म्या वाटेवर, दोन मिलिमीटरलाच उमटतं. उरलेले दोन मिलिमीटर तुमच्या बोटाला थांबायला दिलेली जागा आहे. ही एक गोष्ट बोटांना कळली की निम्मं काम झालं.

स्विचचे प्रकार तीन. लिनियर सरळ खाली जातो, वाटेत काही लागत नाही. टॅक्टाइलमध्ये वाटेत बारीकसं टेकाड लागतं, अक्षर उमटल्याची जाणीव बोटाला होते. क्लिकीमध्ये टेकाडाबरोबर ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. चेरी या जर्मन कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आले आणि त्यांचे रंग हीच या बाजाराची भाषा झाली. त्यांचा लाल लिनियर आहे, ४५ सेंटिन्यूटनचा, म्हणजे अक्षर उमटायला तेवढा जोर लागतो. काळाही लिनियरच, पण ६० चा. तपकिरी टॅक्टाइल, टेकाडापाशी ५५. निळा क्लिकी, ६०, आणि तो २.२ मिलिमीटरला लागतो. चंदेरी स्पीड स्विच ४५ चाच, पण १.२ मिलिमीटरला अक्षर उमटवतो. नुसतं बोट टेकवून बसायची सवय असेल तर त्यावर नको ती अक्षरं उमटत राहतात, म्हणून पहिल्या कीबोर्डला तो घेऊ नये.

पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, केल, आउटेमू असे बरेच उत्पादक आले आणि रंगांचा अर्थ सैल झाला. चेरीचा हिरवा क्लिकी ८० सेंटिन्यूटनचा, चांगलाच जड. रेझरचा हिरवाही क्लिकीच, पण ५० ग्रॅमच्या आसपासचा. त्यामुळे दुकानात ‘हिरवा द्या’ म्हणण्याला अर्थ नाही. प्रकार, वजन आणि किती मिलिमीटरला अक्षर उमटतं, हे तीन आकडे विचारा. सेंटिन्यूटन आणि ग्रॅम यांत व्यवहारात फरक धरू नका. ४५ सेंटिन्यूटन म्हणजे जवळजवळ ४६ ग्रॅमचा भार.

हे वजन घरी बघता येतं. सध्याचं दहा रुपयांचं दुरंगी नाणं सुमारे पावणेआठ ग्रॅमचं आहे. नोटपॅड उघडा आणि मधल्या ओळीतल्या एका बटणावर एकेक नाणं अलगद रचत जा. त्याआधी आजूबाजूच्या कीकॅप काढून ठेवा. नाणं २७ मिलिमीटर रुंद आहे आणि दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे नाणं शेजारच्या बटणावर टेकून भार वाटून घेतं आणि आकडा चुकतो. ४५ च्या स्विचवर सहाव्या किंवा सातव्या नाण्याला अक्षर उमटायला हवं, ६० च्या स्विचवर आठव्या-नवव्याला. एकाच कीबोर्डवर एका बटणाला सहा आणि दुसऱ्याला नऊ नाणी लागली, तर स्प्रिंगा एकसारख्या नाहीत असं समजा.

विकत घेताना

पहिली अट: स्विच सॉकेटमध्ये बसणारे हवेत, सोल्डर केलेले नकोत. बाजारात याला हॉट-स्वॅप म्हणतात. सोल्डर केलेल्या कीबोर्डमध्ये एक स्विच बदलायचा तरी दोन टाके वितळवावे लागतात आणि वॉरंटीवर बहुधा पाणी सोडावं लागतं. दुसरा प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा: सॉकेट तीन पिनांचं आहे की पाच, आणि त्यात फक्त आउटेमूचेच स्विच बसतात का? काही स्वस्त कीबोर्डांच्या सॉकेटची भोकं आउटेमूच्या बारीक पायांपुरतीच असतात. दुसऱ्या कंपनीचा स्विच त्यात रेटला की पाय वाकतो किंवा सॉकेट उखडतं.

आकार कामावरून ठरवा. टॅलीत दिवस काढणाऱ्याला पूर्ण १०४ बटणांचाच घ्यावा लागेल. उजवीकडचे आकडे हवेतच, शिवाय पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, विक्रीला एफ८, खरेदीला एफ९ ही वरची ओळही रोज लागते. लेखन, भाषांतर, प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ८७ बटणांचा पुरतो आणि माउस जवळ आल्यामुळे उजव्या खांद्याला आराम मिळतो. ६१ बटणांचा देखणा असतो, पण त्यावर बाणांची बटणंही दुसरं बटण दाबून काढावी लागतात. हात बसवायच्या काळात ही डोकेदुखी घेऊ नका.

आवाजाचा विचार आधीच करा. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये, हिंजवडीच्या उघड्या ऑफिसात किंवा तिघांनी मिळून घेतलेल्या खोलीत क्लिकी स्विच चालत नाही. घरातलं दुसरं माणूस झोपलेलं असताना तर नाहीच. अशा ठिकाणी सायलेंट लिनियर घ्या. त्याच्या दांड्यावर रबराचे बारीक तुकडे असतात आणि तो वर-खाली दोन्हीकडे मऊ टेकतो. टेबल लोखंडी किंवा पोकळ प्लायचं असेल तर कीबोर्डपेक्षा टेबलच जास्त वाजतं. खाली जुन्या सतरंजीची घडी किंवा जाड डेस्कमॅट घातली की लगेच फरक कळतो.

पहिल्या दिवशी टेबल जुळवा

आपल्याकडची टेबलं साधारण अडीच फूट उंच असतात. त्यावर लॅपटॉपचं बटण दोन सेंटिमीटरच्या आत असतं, मेकॅनिकल कीबोर्डचं तीन ते चार सेंटिमीटरवर जातं. खुर्ची तीच ठेवली तर मनगट वर दुमडतं, आणि दुखायला सुरुवात होते ती इथूनच.

खुर्ची दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, इतकी की कोपर बटणांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. पाय अधांतरी राहिले तर खाली रद्दीचा बांधलेला गठ्ठा ठेवा. कीबोर्डच्या मागचे घडीचे पाय उघडू नका. ते उघडले की मागची बाजू आणखी उंच होते आणि मनगट आणखी वाकतं. आता पट्टी घेऊन कीबोर्डच्या पुढच्या कडेची उंची मोजा. पामरेस्ट तेवढ्याच उंचीची किंवा किंचित कमी हवी, जास्त कधीच नको. ती मिळेपर्यंत टॉवेलची घट्ट घडी चालते. तिच्यावर तळव्याचा मऊ भाग टेकवायचा, तोही दोन वाक्यांच्या मधे थांबल्यावर. टाईप करताना हात हवेत हवा.

पंधरा दिवस

पहिले तीन दिवस सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं, एवढंच. बाकीचं काम जुन्या कीबोर्डवर करा. या वीस मिनिटांत वेग बघायचा नाही. एकच सराव करायचा: बटण इतकं हळू दाबा की अक्षर उमटल्याचं डोळ्यांना दिसेल आणि तरीही बटण तळाला लागलेलं नसेल. पहिल्या दिवशी हे दहातून दोनदा साधतं. पूर्ण साधायलाच हवं असं नाही. तळाला लागलं तरी हलकं लागावं, एवढं पुरे.

चौथ्या दिवसापासून अर्ध्या दिवसाचं काम नव्या कीबोर्डवर आणा, आठव्या दिवसापासून सगळं. रोज शेवटी दहा ओळी टाईप करा आणि चुका दुरुस्त न करता तशाच ठेवा. कुठलं अक्षर दुबार येतं, कुठलं गळतं, कुठे शेजारचं बटण लागतं, ते वहीत लिहा. स्विच निवडताना ही वही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येते.

बोटांत मुंग्या येणं किंवा बधिरपणा विश्रांतीनंतरही राहिला, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हे ‘अंगवळणी पडेल’ म्हणून सोडायचं दुखणं नाही.

मराठी टाईप करणाऱ्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्यावं, कारण स्विचबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी टायपिंग धरून दिलेले असतात. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डचा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये, आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीवर डावीकडे ो, े, हलन्त, ि आणि उजवीकडे र, क, त, च. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागणारी बारीक रेघ असते. म्हणजे डाव्या तर्जनीखाली ि आणि उजव्या तर्जनीखाली र. देवनागरी छापलेल्या कीकॅप सहसा मिळत नाहीत. स्टिकर खरखरीत पीबीटी प्लॅस्टिकवर टिकत नाही, कडेने सुटतो. त्या दोन रेघांवरून हात बसवा, छपाईची गरज राहत नाही.

आता ‘विठ्ठल’ टाईप करून बघा. व, ि, मग शिफ्ट धरून एंटरच्या डावीकडचं अवतरणचिन्हाचं बटण म्हणजे ठ, मग शिफ्ट सोडून डी म्हणजे हलन्त, पुन्हा शिफ्ट धरून ठ, शेवटी ल. दोन ठ च्या मधे शिफ्ट पूर्ण सुटली नाही तर डी वर हलन्ताऐवजी अ उमटतो आणि तुमच्यासमोर ‘विठअठल’ येतं. लॅपटॉपवर ही चूक क्वचितच होते, कारण तिथे शिफ्ट मिलिमीटरभर उचलली की सुटते. मेकॅनिकलवर तळापासून सुमारे दोन मिलिमीटर वर यावं लागतं, आणि डावी करंगळी हे सगळ्यांत उशिरा शिकते. ‘स्वच्छ’, ‘पाठ्यपुस्तक’, ‘लठ्ठ’, ‘मख्ख’ हे शब्द रोज वीस-वीस वेळा टाईप करा. शिफ्ट दाबण्यापेक्षा उचलण्याकडे लक्ष द्या.

आठवडाभर सराव करूनही अ येतच राहिला, तर फक्त डाव्या शिफ्टखाली ६० चा काळा किंवा तसाच जड लिनियर बसवा. जड स्प्रिंग करंगळीला वर ढकलते आणि विसावलेल्या बोटाखाली बटण दबून राहत नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास नाही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. परीक्षेच्या ठिकाणी असेल तोच कीबोर्ड वापरावा लागतो. शेवटचा महिना रोजचा निम्मा सराव साध्या कीबोर्डवरच करा.

दहा स्विच विकत घ्या, नव्वद नको

दुकानात किंवा प्रदर्शनात नऊ स्विचची छोटी पाटी दाबून निवड करणं फसवं असतं. तिथे तुम्ही एका बोटाने, लक्ष देऊन, पूर्ण जोर लावून दाबता. त्या तोऱ्यात ६० चा स्विचही हलका वाटतो आणि टेकाड गोड लागतं. रोजचं टायपिंग दहा बोटांनी, बेसावधपणे होतं.

त्याऐवजी दहा स्विचचं एक पाकीट आणा आणि मधल्या ओळीच्या आठ बटणांखाली, स्पेसबारखाली आणि डाव्या शिफ्टखाली बसवा. मराठीत या दहा बटणांवर सतत हात जातो, त्यामुळे तीन दिवसांत खरं उत्तर मिळतं. वरच्या ओळीचे जुने स्विच तुलनेला हाताशी असतातच.

बसवण्याची पद्धत: आधी यूएसबी केबल काढा, वायरलेस असेल तर बॅटरीचा खटका बंद करा. कीकॅप तारेच्या पुलरने काढा. प्लॅस्टिकच्या कडीचा पुलर कीकॅपच्या कडांवर ओरखडे पाडतो. स्पेसबार दोन्ही टोकांकडून थोडा थोडा उचलत सरळ वर घ्या, तिरका ओढला तर त्याला खालून आधार देणाऱ्या तारेची पकड सुटते. स्विचला वर आणि खाली, म्हणजे स्क्रीनकडच्या आणि तुमच्याकडच्या बाजूला, दाबाच्या दोन पट्ट्या असतात. स्विचच्या पुलरचे दात त्यांच्यावर बसवा, दाबा आणि सरळ वर ओढा.

नवा स्विच लावण्याआधी त्याचे दोन धातूचे पाय उजेडात धरून बघा. वाकलेला असेल तर सपाट चिमट्याने सरळ करा. पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या बोर्डात बसवायचा असेल तर बाजूचे दोन प्लॅस्टिकचे पाय नेलकटरने तळाशी सपाट कापा; धातूच्या पायांना हात लावू नका. मग स्विच सरळ धरून दाबा. सहज गेला नाही तर जोर लावू नका, काढून पुन्हा पाय बघा. बोर्ड उघडा असेल तर मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या. ‘टप्’ असा बारीक आवाज आला की बसला.

आता केबल जोडून नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण दाबा. अक्षर आलंच नाही तर बहुतेक वेळा पाय आत न जाता दुमडलेला असतो. स्विच काढा, सरळ करा, पुन्हा लावा. एका दाबात दोन अक्षरं येत असतील तर तोच स्विच दुसऱ्या जागी लावून बघा. दोष त्याच्याबरोबर हलला तर स्विच खराब, तिथेच राहिला तर सॉकेट सैल आहे किंवा त्यात घाण आहे.

तीन दिवसांनी वही उघडा. नको तिथे अक्षरं उमटत असतील तर वजन वाढवा. ४५ वरून ५० च्या आसपास जा, गॅटेरॉनचा पिवळा लिनियर त्याच भागातला आहे. संध्याकाळी बोटं शिणत असतील तर वजन कमी करा, पण आधी खुर्ची पुन्हा मोजा. अक्षर उमटलं की नाही अशी शंका येऊन तुम्ही बटण दोनदा दाबत असाल, तर तुमच्या हाताला टॅक्टाइल हवा आहे. चेरीच्या तपकिरीचं टेकाड फार सौम्य आहे. तो आवडला नाही म्हणून टॅक्टाइल प्रकारच नको असं ठरवू नका.

वंगण, धूळ आणि चहा

स्विच खरखरत असेल तर वंगणाने सुधारतो. घाई मात्र करू नका. एका स्विचला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे सत्तर स्विचला निदान साडेतीन तास. लिनियरला क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस चालतं. शून्य नंबरच्या ब्रशने दांड्याच्या बाजूंवर आणि खालच्या भागातल्या दोन्ही खाचांवर इतका पातळ थर द्या की फक्त ओलसर चमक दिसेल. पांढरं दिसलं की जास्त झालं आणि बटण चिकट होणार. टॅक्टाइलमध्ये दांड्याच्या दोन पायांना ब्रश लावू नका, टेकाड तिथेच असतं. क्लिकीला वंगण नकोच, टक् मरून जातो. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल किंवा गंजावर मारायचा स्प्रे स्विचमध्ये घालू नका. तेल पात्यांवर उतरतं, धूळ धरतं.

स्पेसबार, एंटर, शिफ्ट खडखडत असतील तर दोष स्विचचा नसून खालच्या तारेचा असतो. तारेची टोकं जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीकसारीक हत्यारं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बघा.

पुण्यात उन्हाळ्यात धूळ आणि जून ते सप्टेंबर दमट हवा, दोन्ही कीबोर्डला त्रास देतात. काम संपलं की वर कापड टाका. फरसाणाची शेव कीकॅपच्या फटीत गेली की मुंग्या लागतात, तेव्हा खाणं लांबच ठेवा. महिन्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून झटका, सहा महिन्यांतून एकदा कीकॅप कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि पोकळ बाजू खाली ठेवून रात्रभर वाळवा.

चहा सांडला तर पहिल्या सेकंदाला केबल काढा, मग कीबोर्ड उलटा धरा. त्रास साखरेचा असतो, पाण्याचा त्यामानाने कमी. भिजलेल्या भागातल्या कीकॅप आणि स्विच काढा, बोर्ड अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसा, सॉकेटच्या भोकांतही फिरवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, प्लॅस्टिक वाकतं. पंख्याखाली दोन दिवस ठेवा. चहा आत गेलेले स्विच धुऊनही काही दिवसांनी चिकट होतात. तेव्हा सरावाच्या वेळी काढलेले जुने स्विच बंद डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर, वर वजन आणि प्रकार लिहून, जपून ठेवलेले असावेत.